चाखलेला घास

१

तुमच्या पानातला पहिला घास तुमच्या आधीच कुणी खाऊन गेलंय, असं कधी झालंय का तुमच्या बाबतीत? लेकुरवाळ्या घरात ते रोजचंच असतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण घरात दुसरं कुणी नसेल तर?

जॉसलिन थर्टलच्या बाबतीत ते घडलं मार्लहॅम हॉलमध्ये. नॉरफोकमधलं ते जुनं घर हेन्री राजाच्या काळात बांधलेलं होतं. लाल विटांच्या भिंती, भोवती पाण्याचा खंदक आणि त्यावर एकच पूल. फिलिपा आत्यानं जाताना ते भाचीच्या नावावर केलं होतं. जॉसलिनला त्या घराची हौस नव्हती. सामान आवरायचं, घर विकायला काढायचं आणि लेकीच्या बाळंतपणाआधी इप्सविचला पोचायचं, एवढंच तिच्या मनात होतं. जावई समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला होता. तो वेळेवर पोचेल याची काही खात्री नव्हती.

"आई, तू असशील ना?" टॅम्सिननं फोनवर विचारलं होतं.

"मी नाही तर कोण असणार, वेडे?"

"तसं नाही. तुला जुन्या वस्तू दिसल्या की तू पुसत बसतेस. आत्याआजीचे चमचे चकचकीत करेपर्यंत माझं बाळ शाळेत जायला लागेल."

जॉसलिन हसली. तिच्या पुढच्या दाताचा कोपरा लहानपणी बर्फावर पडून तुटला होता, त्यामुळे ती हसली की बारीकशी शीळ वाजायची. टॅम्सिनला तो आवाज फोनवरसुद्धा ओळखू यायचा.

आत्याचा स्वयंपाक करणाऱ्या मिसेस कॅचपोल अजून रोज येत होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "आत्याबाई दुपारचं जेवण वरच्या खोलीतच घ्यायच्या. मी तुमचंही वरच देते. खाली स्वयंपाकघरात गारठून जाल."

वरची खोली खरंच उबदार होती. भिंतींना काळपट लाकडाच्या फळ्या, एक खिडकी, एक टेबल, एकच खुर्ची. टेबल भिंतीला लावलेलं होतं आणि त्याच्या वर भिंतीत एक छोटी सरकती झडप होती. झडपेपलीकडे अरुंद बोळकांडी होती आणि तिथून स्वयंपाकघरात उतरणारा जिना. मिसेस कॅचपोल जिन्यानं वर यायच्या, झडपेच्या आतल्या फळीवर ताटली ठेवायच्या, दोनदा टकटक करायच्या आणि कण्हत कण्हत खाली जायच्या. मग जॉसलिननं झडप सरकवून ताटली घ्यायची.

दुसऱ्या आठवड्यात एकदा कोंबडीचा पाय आला. सोनेरी, खरपूस भाजलेला. त्याच्या एका कडेला छोटासा लचका तोडलेला होता.

२

मिसेस कॅचपोलना भूक लागली असेल, असं तिला वाटलं. बिचाऱ्या सकाळपासून उभ्या असतात. 

दुसऱ्या दिवशी पावाच्या जाड तुकड्याचा कोपरा नव्हता. त्यानंतर उकडलेल्या बटाट्याचा. जॉसलिननं ताटली खिडकीशी नेऊन नीट पाहिली. बटाट्यात दातांची खूण स्वच्छ उमटली होती. एक दात, मग मोकळी जागा, मग पुन्हा एक दात. पुढचा दात पडलेल्या माणसानं चावलं तर असं दिसेल.

संध्याकाळी चहाच्या वेळी तिनं मुद्दाम एक विनोद सांगितला. मिसेस कॅचपोल तोंड उघडून हसल्या. दात सगळे जागच्या जागी.

"काय हो, एवढं काय बघताय माझ्या तोंडाकडे?"

"काही नाही. तुमचे दात छान आहेत."

"माझेच आहेत! फुकट नाही मिळाले," त्या म्हणाल्या. "आत्याबाईंची मात्र पूर्ण कवळी होती."

म्हणजे आत्याही नाही, असं जॉसलिनच्या मनात आलं आणि लगेच तिला स्वतःचाच राग आला. आत्या कशी असेल? आत्या तर गेली. उंदीर असेल. उंदराचे दात कसे असतात ते तिनं कधी नीट पाहिलं नव्हतं. तेवढ्यावर तिनं मनाची समजूत घातली.

तरी एके दिवशी मिसेस कॅचपोल बाजारात गेल्या असताना तिनं स्वतःच पाव कापला, लोणी लावलं, जिना चढून फळीवर ठेवला. बोळकांडीत कुणी नव्हतं. कोपऱ्यात एक तीन पायांचं स्टूल तेवढं होतं, बसून बसून मध्यभागी खोलगट झालेलं. तिनं बोळकांडीचं दार बाहेरून लावलं, चावी खिशात टाकली, वळसा घालून खोलीत आली आणि टेबलाशी बसली.

पलीकडे ताटली लाकडावरून किंचित सरकली. मग शांतता. आणि मग, अगदी जवळून, कुणीतरी गिळल्याचा आवाज.

तिनं झडप उघडली. पावाचा कोपरा गेलेला होता.

सांगायला नवल वाटेल, पण जॉसलिन ओरडली नाही, पळालीही नाही. ती बराच वेळ त्या पावाकडे बघत राहिली. मग तिनं तो खाल्ला. इतकं निर्धास्त जेवण तिनं कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

३

त्याच खोलीत, त्याच झडपेच्या अलीकडे, फार पूर्वी सिसिली नावाची एक तरुण बाई बसायची. राणीच्या दासींपैकी एक होती ती. तिच्यावर कुठलाच आरोप नव्हता. दरबारातून फक्त निरोप आला होता, की पुढचा हुकूम येईपर्यंत हिला इथं मानानं ठेवा, बाहेर सोडू नका. तिच्या पोटात मूल होतं. ते कुणाचं, हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

झडपेच्या पलीकडे स्टुलावर घरमालकाची बायको ॲलिस बसायची. मोठ्या माणसाच्या जेवणातला पहिला घास दुसऱ्यानं चाखायचा, ही दरबारची रीत. इथं ते काम ॲलिसकडे होतं. ती एक घास खायची, थोडं थांबायची, मग झडप सरकवायची.

"चांगलं आहे, बाईसाहेब."

"ॲलिस, आज काय आहे?"

"मासा आहे. काटे बघून खा."

"काल तू काट्याचं सांगितलं नाहीस."

"काल कोंबडी होती, बाईसाहेब."

पलीकडून हसू यायचं. सगळ्या दिवसात त्या खोलीत माणसाचा आवाज व्हायचा तो एवढाच. ॲलिसही हसायची, पण ओठ मिटून. तिचा पुढचा दात नवऱ्याच्या हातानं पडलेला होता.

"तू नसतीस तर मी उपाशी मेले असते," सिसिली एकदा म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या हातचं आता घशाखाली उतरत नाही."

४

मार्च सरला. घर विकायला काढलेलं नव्हतं.

आज कपाटं आवरू, उद्या दलालाला बोलावू, असं करता करता दिवस जात होते. एका रविवारी मात्र जॉसलिन मन घट्ट करून गाडीत बसली आणि इप्सविचला गेली. टॅम्सिननं हौसेनं मटणाची पाई केली होती. पोट सांभाळत, खुर्चीला धरत तिनं ती आईपुढे ठेवली. वर भाजलेल्या कणकेचं झाकण, त्यावर काट्यानं काढलेली नक्षी. अखंड. कुठे एक खूण नाही.

जॉसलिननं काटा उचलला आणि खाली ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही. फार गरम आहे."

"फुंकर मार की. मला नाही का मारून द्यायचीस?" टॅम्सिन म्हणाली. तिच्या लहानपणी जॉसलिन तिचा प्रत्येक घास आधी स्वतःच्या ओठांना लावून बघायची, मगच भरवायची. त्यावरून घरात तिची चेष्टा व्हायची.

जॉसलिननं एक तुकडा तोंडात घातला. जीभ तो बाहेर ढकलू लागली.  तिनं तो हळूच रुमालात काढला. लेकीनं ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं. ते जॉसलिनला जास्त लागलं.

परतताना तिनं वाटेत एका टपरीवर बन घेतला. तोही हातातच राहिला. पुलावरून खंदक ओलांडून ती घरात शिरली. ती थेट वरच्या खोलीत गेली. सुट्टी असूनही मिसेस कॅचपोलनी काहीतरी ठेवलेलं असावं. झडपेत थंड मांसाची ताटली होती आणि मांसाचा एक कोपरा गेलेला होता.

तिनं ते उभ्या उभ्या, हातानं खाल्लं. खाताना ती रडत होती.

५

"तुम्हाला माहीत होतं," ती दुसऱ्या दिवशी मिसेस कॅचपोलना म्हणाली.

मिसेस कॅचपोल वाटाणे सोलत होत्या. त्यांनी हात थांबवले नाहीत. "आत्याबाई म्हणायच्या, चाखलेलं असलं तर निवांत खा, चाखलेलं नसलं तर हात लावू नका. माझं काम ताटली ठेवायचं. मागे वळून मी कधी बघितलं नाही आणि बघणारही नाही."

"चाखलेलं नाही, असं कधी झालं होतं?"

"एकदा." एक वाटाणा घरंगळत जमिनीवर गेला. "आत्याबाई झडपेतून मला हाक मारून म्हणाल्या, आज कुणी चाखलं नाही गं, पण मला भूक फार लागलीय. मी बदामाचा टार्ट केला होता त्या दिवशी. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर खुर्चीतच होत्या. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं."

"वय झालंच होतं."

"तेच मीही म्हणते."

जॉसलिननं जमिनीवरचा वाटाणा उचलला.

"आत्या इथून कधीच बाहेर का गेली नाही, मिसेस कॅचपोल? पंचवीस वर्षांत एकदाही आमच्याकडे आली नाही."

"बाहेर खाणार काय?" मिसेस कॅचपोल म्हणाल्या. मग मान वर करून त्यांनी जॉसलिनकडे पाहिलं. त्या चांगल्या मनाच्या होत्या. "मुलीकडे जा, बाई. उपाशी राहावं लागलं तरी जा. जितके दिवस राहाल तितकं जड जाईल."

"जाईन. या आठवड्यात नक्की जाईन."

६

दरबारातून माणूस आला तो घोड्यावरून, उन्हाचा. त्यानं एक डबी आणली होती. आत बदाम आणि साखरेची वडी, वर सोन्याचा वर्ख. बाईसाहेबांसाठी भेट, एवढंच तो म्हणाला. ॲलिसच्या नवऱ्यानं त्याला आत नेलं. दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत होते.

मग नवरा बोळकांडीत आला. डबी ॲलिसच्या हातात दिली.

"हे आजच द्यायचं."

"मी चाखते आणि देते."

"हे चाखायची गरज नाही," तो म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत होता. "फक्त चाखलं असं म्हण. तुझी पोरं खाली खेळताहेत, ॲलिस. त्यांच्याकडे बघ आणि मग काय ते ठरव."

तो गेला. ॲलिस स्टुलावर बसली. वडी तिनं ओठांपाशी नेली. बदामाचा वास गोड होता.

"ॲलिस?" पलीकडून आवाज आला. "आज उशीर का? आम्हा दोघांना भूक लागलीय."

ॲलिसचे ओठ घट्ट मिटलेले होते. मग ते हलले.

"चांगलं आहे, बाईसाहेब."

७

आठवडा गेला, दुसराही गेला. शेवटी टॅम्सिनच आली. दिवस अगदी भरलेले असताना स्वतः गाडी चालवत आली आणि जिन्यावर दोनदा थांबत वरच्या खोलीत पोचली.

"सामान भर," ती म्हणाली. "मी एकटीनं परत जाणार नाही. तू आरशात बघितलंस का स्वतःला? आणि हे कसलं घर, एका खोलीत एकच खुर्ची!" एवढं बोलून ती त्या खुर्चीत धपकन बसली.

"टॅम्सिन, तिथं बसू नको."

"आई, मी आता बसलेय. मला उठवायला क्रेन लागेल."

भिंतीत टकटक झाली. मिसेस कॅचपोल कण्हत खाली गेल्या. टॅम्सिननं हात लांब करून झडप सरकवली आणि ताटली ओढली.

"वा! बदामाचा टार्ट!"

टार्ट अख्खा होता. कडा गोल, सरळ, न तुटलेल्या.

"थांब!" जॉसलिननं ताटली तिच्या हातातून काढून घेतली, परत झडपेत ठेवली आणि झडप बंद केली.

"हे काय?"

"एक मिनिट. एकच मिनिट."

जॉसलिन कान देऊन उभी राहिली. ताटली सरकली नाही. गिळल्याचा आवाज आला नाही. तिनं झडप उघडली. टार्ट अख्खा. पुन्हा बंद केली, मनातल्या मनात विनवणी केली, पुन्हा उघडली. अख्खा.

"आई," टॅम्सिनचा आवाज आता बारीक झाला होता, "मला भीती वाटायला लागलीय. आणि मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. आम्हा दोघांना भूक लागलीय."

"मग दुसरं काही देते. पाव देते. खालून आणते."

"मला हेच हवंय! टार्टला काय झालंय? तू माझ्या हातचं खात नाहीस, मला इथलं खाऊ देत नाहीस. काय चाललंय तुझं?" तिनं झडपेकडे हात नेला.

जॉसलिननं झडप लोटली, आणि ती धावली. खोलीबाहेर, व्हरांड्यातून वळसा घालून, बोळकांडीच्या दाराशी. दार उघडंच होतं. आतला अंधुक उजेड फळ्यांच्या फटीतून येत होता.

ताटली फळीवर नव्हती.

स्टुलावर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. जॉसलिनला चेहरा दिसला नाही, आणि तो दिसला नाही याबद्दल तिनं पुढे नेहमी देवाचे आभार मानले. तिला दिसली जाडीभरडी बाही, मनगट, बोटांत धरलेला टार्टचा तुकडा. तुकडा तोंडापाशी नेलेला होता आणि तिथंच थांबला होता.  किती काळापासून थांबला असेल कोण जाणे.

आणि मग मिटल्या ओठांतून आल्यासारखा आवाज आला.

"चांगलं आहे, बाईसाहेब."

"कोण बोललं?" पलीकडून टॅम्सिन म्हणाली. "मिसेस कॅचपोल? बरं झालं! द्या इकडे."

झडप सरकू लागली.

जॉसलिननं पुढे होऊन त्या बोटांतला तुकडा ओढून घेतला. बोटं गार होती, पण त्यांनी तो सोडला. चटकन सोडला, कधीचं ओझं कुणीतरी घ्यायला आल्यासारखा. जॉसलिननं तो तोंडात घातला. बदाम, साखर, लोणी, आणि सगळ्याच्या खाली बारीक कडवट धागा. बदामात तो असतोच, की नसतो?  तिनं डोळे मिटले, टॅम्सिनच्या लहानपणचा वाटीचमचा आठवला आणि गिळलं.

ती थांबली. छातीचे ठोके मोजायचं तिला सुचलं नाही. झडपेतून लेकीचा हात आत आला होता, अंगठी सुजलेल्या बोटात रुतलेली. जॉसलिननं तो हात घट्ट धरून ठेवला.

"आई? तू आहेस होय तिथं? हात सोड ना, काय करतेयस!"

बराच वेळ गेला. काही झालं नाही. तिनं हात सोडला, स्टुलाच्या पायाशी ठेवलेली ताटली उचलली आणि पुढे सरकवली.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "खा आता."

तिनं वळून पाहिलं तेव्हा स्टूल रिकामं होतं. तिचे पाय फार दुखत होते. ती त्यावर बसली. मधला खोलगट भाग तिला बरोबर बसला.

८

टॅम्सिननं टार्ट संपवला आणि तिला काहीही झालं नाही. संध्याकाळी तिघी खाली चहाला बसल्या. जॉसलिन शांत होती, गालांवर रंगही आला होता. तिनं स्वतः काहीच घेतलं नाही. भूक नाही म्हणाली. मिसेस कॅचपोल तिच्याकडे एकदा बघून चुलीकडे वळल्या त्या परत वळल्याच नाहीत.

"मग निघायचं ना उद्या?" टॅम्सिननं विचारलं.

"तू नीघ. हे घर बंद ठेवायचं. विकायचं नाही, आणि तू इथं पुन्हा यायचं नाहीस. बाळाला तर कधीच आणायचं नाही."

"आणि तू? तू वचन दिलंयस मला. बाळाच्या वेळी मी एकटी..."

"एकटी कशी?" जॉसलिननं तिच्या केसांवरून हात फिरवला. "तू जेवायला बसलीस की मी आहेच."

टॅम्सिन खूप रडली, खूप भांडली. दारापर्यंत जाऊन परत आली आणि पुन्हा भांडली. जॉसलिन हसली, दाताची शीळ वाजली, पण ती जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅम्सिन एकटीच गाडी घेऊन पुलावरून गेली. वाटेत पेट्रोल भरायला थांबली तेव्हा तिनं मिसेस कॅचपोलनी बांधून दिलेला सँडविचचा पुडा सोडला. गाठ जशीच्या तशी होती, पण आतल्या सँडविचचा कोपरा कुणीतरी आधीच खाल्लेला होता, आणि पावावर तुटक्या दाताची तिरपी खूण होती.